बाळ सांभाळायच्या कामासाठी डीपीला कोणता फोटो लावावा?

भाची_सिंहगडरोड
मावशी (वय ४६) पुण्यात बाळ सांभाळायचं काम शोधताहेत, सकाळी ९ ते संध्याकाळी ७. नंबर कामाला बायका मिळवून देणाऱ्या दोन सेंटरांना आणि काही सोसायट्यांच्या ग्रुपवर दिलाय. लोक फोन करण्याआधी व्हॉट्सअॅपवर डीपी बघतात, आणि तिथे सध्या गणपती आहे. हाताशी चार फोटो आहेत:
१. लग्नातला, पैठणी आणि नथ
२. आधीच्या घरातल्या बाळाला कडेवर घेतलेला (यात त्या सगळ्यात छान दिसतात)
३. घरातला सेल्फी
४. स्टुडिओतला पासपोर्ट फोटो, निळ्या पडद्यावरचा
यातला कोणता लावू? की नवीनच काढू? मोबाइल साधाच आहे.

पाळणाघर_१२
नवीन काढा. चारही बाद, पण कारणं वेगवेगळी आहेत.

पैठणीत माणूस ओळखू येत नाही. बाळाचे आईवडील फोटोत एकच गोष्ट शोधतात: उद्या दार उघडल्यावर हीच बाई समोर असेल का? त्यामुळे फोटो गेल्या सहा महिन्यांतला हवा. कामाला जाताना जे घालतात तेच घालू द्या. साधी सुती साडी किंवा पंजाबी ड्रेस, पदर किंवा ओढणी पिन केलेली, केस बांधलेले. लोंबते कानातले आणि काचेच्या बांगड्या नकोत. बाळ कानातलं ओढतं आणि काच फुटते, हे आईला फोटो बघतानाच सुचतं. मंगळसूत्र, टिकली, चष्मा रोजचा असेल तर ठेवा. डोक्यावरून पदर किंवा ओढणी रोज घेत असतील तर फोटोतही तशीच घ्या. जे रोज आहे ते फोटोसाठी लपवलं की पहिल्याच भेटीत अवघडलेपण येतं.

दुसरा फोटो मोहाचा आहे, पण लावू नका. ते बाळ दुसऱ्यांचं आहे. त्या आईवडिलांना विचारलेलं नसेल तर नवीन घरचे लगेच ताडतात की उद्या आमच्या बाळाचाही फोटो असाच सगळ्यांना दिसणार. कामाची खात्री पटवायची असेल तर आधीच्या घरच्यांना विचारून त्यांचा नंबर द्या, दोन मिनिटांचं बोलणं त्या फोटोपेक्षा जास्त कामाला येतं. बाळाचा चेहरा इमोजीने झाकायचा उपाय तर त्याहून वाईट, काहीतरी लपवल्यासारखं दिसतं.

फोकस_सदाशिवपेठ
काढण्याबद्दल सांगतो. साधा मोबाइल चालेल.

आधी मागची लेन्स सुती कापडाने पुसा. जुन्या मोबाइलचे फोटो धुरकट येतात त्याचं कारण बहुतेक वेळा बोटांचं तेल असतं. मग ब्युटी मोड बंद करा. बऱ्याच फोनमध्ये तो मुळातच चालू असतो आणि न सांगता रंग उजळ करतो, सुरकुत्या पुसतो. त्यानंतर व्हिडिओ कॉल झाला की फोटो आणि माणूस जुळत नाही.

सेल्फी नकोच. हात लांब केला तरी कॅमेरा चेहऱ्यापासून दीड-दोन फुटांवर राहतो, म्हणून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. शिवाय काही फोन सेल्फी आरशासारखा उलटा साठवतात. मग पदर उजव्या खांद्यावर आणि चमकी उजव्या नाकपुडीत! बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते कळत नाही, पण खटकतं.

तुम्ही मागच्या कॅमेऱ्याने ५ फुटांवरून, मोबाइल त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरून काढा. झूम करू नका, नंतर कापा. डीपी एवढीशी असते की १२ मेगापिक्सेलच्या फोटोचा तिसरा हिस्सा उरला तरी पुरतो.

उजेड सगळ्यात महत्त्वाचा. सकाळी ८ ते १० मध्ये, थेट ऊन येत नाही अशा खिडकीकडे किंवा गॅलरीच्या दाराकडे त्यांचं तोंड करा आणि तुमची पाठ खिडकीला ठेवा. नेमकं उलटं होतं नेहमी: माणसाला खिडकीपुढे उभं करतात आणि चेहरा काळा येतो. डोक्यावरची ट्यूब बंद करा, तिच्याने डोळ्यांखाली खळगे दिसतात. भिंतीला टेकून उभं राहू नये, दोन फूट पुढे यावं, म्हणजे मागे सावली पडत नाही. मागे रिकामी फिकट भिंत, दोरीवरचे कपडे नकोत, घर नंबरची पाटी तर नकोच.

कमरेपासून वर काढा, मग छातीपर्यंत कापा. व्हॉट्सअॅप गोल कापतं, म्हणजे चारही कोपरे जातात, तेव्हा डोक्यावर बोटभर जागा सोडा. पूर्ण उभा फोटो लावला तर यादीत चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. १५-२० फोटो काढा. पहिले पाच-सहा ताठरलेले येतातच. मध्ये बोलत राहा, बाळाला कसं झोपवता वगैरे विचारा, आणि उत्तर संपता संपता बटण दाबा.

ई_विंग_बाणेर
वरच्या दोघांशी सहमत, थोडी भर घालते. पांढरा कोट किंवा नर्ससारखा एप्रन घालून फोटो काढायचा सल्ला काही जण देतात. नर्सिंग केलेलं नसेल तर तो घालू नये, पहिल्याच प्रश्नात उघडं पडतं. आणि दात दाखवून हसायची सक्ती नको. मिटल्या ओठांनी डोळ्यांत हसू असेल तरी पुष्कळ.

सेटिंग विसरू नका. प्रायव्हसीमध्ये प्रोफाइल फोटो 'माय कॉन्टॅक्ट्स'वर असेल तर अनोळखी घरच्यांना फोटोच दिसणार नाही. काम शोधेपर्यंत 'एव्हरीवन' ठेवा, काम लागलं की परत बदला. खाली 'अबाउट'मध्ये थोडंच मावतं. तिथे "बाळ सांभाळते, ९ ते ७, सिंहगड रोड परिसर" एवढं लिहा. घराचा पत्ता नको.

सेंटरच्या फॉर्मला मात्र पासपोर्ट फोटोच लागतो, ३५ बाय ४५ मिमी. स्टुडिओवाल्याला आधीच सांगा, "चेहरा गोरा करू नका." नाहीतर सवयीने करतात. सेंटरने मूळ फाइल मागितली तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास फोटो दबत नाही, पण घराचं लोकेशनही त्यातच राहतं. म्हणून काढण्याआधीच कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा.

आणि कोणी फोनवर "अजून एक फोटो पाठवा, पूर्ण उभा" म्हणालं तर पाठवू नका. बाळ सांभाळायला उंची-बांधा लागत नाही. बघायचंच असेल तर व्हिडिओ कॉल, तोही त्यांच्या घरातली बाई समोर असताना. आधार मागितलं तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. तेही भेट ठरल्यावर.

भाची_सिंहगडरोड
आज सकाळी काढले. एक छान आलाय, पण चष्म्यात खिडकी दिसतेय आणि डावा गाल अंधारात आहे. चष्मा काढून घेऊ का?

फोकस_सदाशिवपेठ
रोज लावत असतील तर काढू नका. चष्म्याच्या काड्या कानावर अर्धा सेंटिमीटर वर उचला, काचा खाली कलतात आणि खिडकी निघून जाते. अंधाऱ्या गालाच्या बाजूला, फोटोत न येईल असं, पांढरी चादर कोणाला तरी धरायला सांगा. हातभर अंतरावर पुरे.