मदत हवी आहे: डब्लिनमध्ये मेटालिकाच्या दोन रात्री, आणि भावाच्या कानांचा प्रश्न

नमस्कार. येत्या १९ आणि २१ जूनला डब्लिनच्या अविवा स्टेडियममध्ये मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचे दोन कार्यक्रम आहेत. दोन्ही दिवसांची, मैदानात उभे राहून पाहण्याची दोन तिकिटे मी गेल्या वर्षी विक्री सुरू होताच काढून ठेवली. एक माझे आणि दुसरे पुण्याहून येणाऱ्या माझ्या धाकट्या भावाचे. अडचण अशी की तिकिटे काढली तेव्हा त्याच्या कानांचा त्रास मला ठाऊक नव्हता. ती तिकिटे विकून बसण्याच्या जागा घ्याव्यात का, घ्यायच्या तर कुठल्या, आणि त्याने दोन्ही रात्री यावे की एकच, हे मला ठरवता येत नाही. या दौऱ्यातला एखादा कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिलेल्या किंवा ध्वनिव्यवस्थेचे काम करणाऱ्या जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

त्रास काय आहे ते आधी सांगते. बारावीनंतर सलग नऊ वर्षे भाऊ ढोल-ताशा पथकात ताशा वाजवत होता. जून-जुलैपासूनचा रोजचा सराव, मग गणपतीचे दहा दिवस आणि विसर्जनाची अख्खी रात्र, आणि या सगळ्यात कानात साधे कापसाचे बोळेसुद्धा कधी घातले नाहीत, कारण पथकात ते कोणीच घालत नव्हते. गेल्या गणपतीत मी घरी गेले होते. बाहेर पाऊस, हवेत चांगला गारवा, तरी त्याच्या खोलीतला टेबलफॅन रात्रभर चालू होता, आणि तोही भिंतीकडे तोंड करून. दोन रात्री पाहिल्यावर मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "ताई, पंखा बंद केला की शिट्टी ऐकू येते." दोन वर्षे त्याने हे घरात कोणालाही सांगितले नव्हते. नंतर मीच त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे घेऊन गेले. उंच पट्टीतले आवाज त्याला दोन्ही कानांनी थोडे कमी ऐकू येतात आणि डाव्या कानात टिनिटस, म्हणजे बाहेर आवाज नसतानाही ऐकू येणारी शिट्टी, आहे, असे निदान झाले. कार्यक्रमाला जाऊच नका, असे डॉक्टर म्हणाले नाहीत. कानांना संरक्षण असल्याशिवाय मोठ्या आवाजात थांबायचे नाही, आणि आवाजापासून जितके लांब राहता येईल तितके बरे, एवढे मात्र त्यांनी बजावले आहे.

मग न गेलेलेच बरे, असे काहींना वाटेल. पण या कार्यक्रमाची वाट आम्ही दोघे पंधरा वर्षे पाहत आहोत. २८ ऑक्टोबर २०११ रोजी मेटालिकाचा भारतातला पहिला कार्यक्रम गुडगावला होणार होता. त्या दिवशी भाऊबीज होती. भाऊ तेव्हा अठरा वर्षांचा होता. पथकाच्या सुपाऱ्यांतून मिळालेले पैसे साठवून त्याने माझे तिकीट काढले आणि तीच माझी ओवाळणी होती. झेलम एक्सप्रेसने आम्ही दिल्लीला पोहोचलो, फलाटावरच मी त्याला टिळा लावला, आणि दुपारपासून मैदानात जाऊन उभे राहिलो. बराच वेळ काहीच घडले नाही. मग कार्यक्रम उद्यावर गेला असे सांगण्यात आले, आणि अखेर तो रद्दच झाला. चिडलेल्या लोकांनी अडथळे तोडून मंचाची नासधूस केली, तेव्हा मी भावाचा दंड घट्ट धरून त्याला गर्दीच्या कडेकडेने बाहेर काढले. दोन दिवसांनी बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटालिका वाजले. तिथपर्यंत जाण्याइतके पैसे आमच्याजवळ उरले नव्हते.

आता या दौऱ्याविषयी. १४ एप्रिल २०२३ रोजी '७२ सीझन्स' हा बारा गाण्यांचा, सुमारे ७७ मिनिटांचा अल्बम आला आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला अ‍ॅमस्टरडॅमहून दौरा सुरू झाला. तो आज चौथ्या वर्षात आहे. माणसाच्या आयुष्याची पहिली अठरा वर्षे, म्हणजे वर्षाला चार याप्रमाणे ७२ ऋतू, आणि त्या काळात मनावर उमटलेले जे काही पुढे जन्मभर सोबत राहते, तो या अल्बमचा विषय आहे. आपल्या सहा ऋतूंच्या हिशेबाने ते १०८ होतात, म्हणजे जपमाळेच्या मण्यांइतके. भावाने हे मला फोनवर सांगितले तेव्हा त्याला फार आनंद झाला होता. हा अल्बम तो हेडफोन लावून ऐकत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर फोन ठेवतो, आवाज बारीक करतो आणि दाराशी उभा राहून ऐकतो. त्यातले प्रत्येक गाणे त्याला ड्रमच्या तोड्यांसकट पाठ आहे.

एका शहरात दोन कार्यक्रम असतील तर एकही गाणे दोनदा वाजवायचे नाही, असा या दौऱ्याचा नियम आहे. अ‍ॅमस्टरडॅमला दोन्ही रात्री सोळा-सोळा गाणी झाली आणि प्रत्येक रात्रीच्या वाट्याला नव्या अल्बममधली तीन आली. पहिली रात्र 'मास्टर ऑफ पपेट्स'ने संपली, दुसरी 'एंटर सँडमन'ने. बर्लिन, ग्लासगो किंवा कार्डिफप्रमाणे इथे एकच कार्यक्रम असता तर मला हा प्रश्न पडलाच नसता. इथे मात्र एक रात्र सोडणे म्हणजे निम्म्या गाण्यांवर पाणी सोडणे, आणि त्यातली कुठली निम्मी हे आधी कळण्याची सोय नाही.

आवाजाचा हिशेब मी माझ्या परीने मांडून पाहिला आहे. ८५ डेसिबल आवाजात आठ तास थांबणे सुरक्षित धरले, तर पुढच्या प्रत्येक तीन डेसिबलला ती मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटे उरते. कार्यक्रम दोन तासांचा, आणि त्याआधी इतर बँडही वाजणार. कानात बसवायच्या प्लगनी पंधरा-वीस डेसिबल कमी झाले तर गणित जुळते. पण ते कागदावर. प्रत्यक्षात मैदानातल्या आणि गॅलरीतल्या आवाजात किती फरक पडतो, आणि या दौऱ्यातला मैदानाच्या मधोमध असणारा गोल मंच नेमका कुठल्या बाजूने पाहावा, हे मला अनुभवी माणसाकडून ऐकायचे आहे.

प्रतिसाद १

मी हॅम्बुर्गला २०२३ मध्ये या दौऱ्याच्या दोन्ही रात्री पाहिल्या आहेत आणि व्यवसायाने ध्वनिव्यवस्थेचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मैदानातली तिकिटे विकून टाका. या दौऱ्यात मंच मैदानाच्या मधोमध कड्यासारखा असतो, कड्याच्या आतही प्रेक्षक उभे असतात, आणि मंचाभोवती आठ उंच मनोरे असतात. मोठे पडदे आणि ध्वनिक्षेपक त्याच मनोऱ्यांवर असल्यामुळे, नेहमीच्या कार्यक्रमात जसे मागे सरकले की आवाज कमी होतो, तसे इथे मैदानात होत नाही. एका मनोऱ्यापासून लांब जावे तर आपण दुसऱ्याच्या जवळ पोहोचतो. गॅलरीत बसलात तर सगळे मनोरे तुमच्या एकाच बाजूला राहतात. लांबीच्या बाजूला, दोन मनोऱ्यांच्या मधली फट समोर येईल अशी जागा मिळाली तर उत्तम. अगदी पहिल्या रांगा टाळा, आणि छपराला टेकलेल्या शेवटच्या रांगाही टाळा, कारण तिथे छतावरून उलटून येणारा आवाज मूळ आवाजात मिसळतो व गाण्याचे शब्दच कळत नाहीत. ड्रमची काळजी नको. मंचावर चार ठिकाणी ड्रमसंच आहेत आणि बँडचा ड्रमवादक लार्स उल्रिख कार्यक्रमभर त्यांवर आळीपाळीने वाजवतो, त्यामुळे कुठल्याही बाजूला बसलात तरी काही गाणी तो तुमच्या समोर असतो.

गॅलरीचा खरा फायदा वेगळाच आहे. कान दमले असे वाटले तर उठून मागच्या काँक्रीटच्या मार्गिकेत दहा मिनिटे उभे राहता येते आणि तेवढ्याने कानांना मोठी विश्रांती मिळते. मैदानातल्या गर्दीतून ते जमत नाही. फक्त स्टेडियमच्या फाटकाबाहेर पडू नका, बहुतेक ठिकाणी पुन्हा आत घेत नाहीत.

प्लगविषयी: फोमचे साधे प्लग उंच स्वर जास्त कापतात, गाणे गोधडीखालून ऐकल्यासारखे वाटते, आणि वैतागून माणूस आवडत्या गाण्याला नेमके ते काढून टाकतो. भावाला उंच पट्टीचे आधीच कमी ऐकू येत असल्याने त्याला ते अधिकच बोथट वाटेल. कानाच्या मापाने साचा घेऊन बनवलेले, सर्व पट्ट्या सारख्या कमी करणारे वादकांचे प्लग घ्या. ते तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून पुण्यातच तपासणीच्या ठिकाणी आत्ताच चौकशी करा, आणि घरी रोज अर्धा तास घालून त्यांची सवय होऊ द्या. आत शिरण्यापूर्वी घालायचे आणि बाहेर आल्यावरच काढायचे.

दोन रात्रींबद्दल माझे मत असे: शुक्रवारच्या कार्यक्रमाला जा. शनिवारी सकाळी शिट्टी नेहमीइतकीच असेल तर रविवारी जा. वाढलेली असेल तर जाऊ नका, मग त्या रात्री कुठलीही गाणी असोत. मधला एक दिवस मोकळा आहे ही तुमच्यासाठी फार चांगली गोष्ट आहे. तो पूर्ण शांततेत घालवा.

प्रतिसाद २

मी डब्लिनमध्येच राहतो. आयर्लंडमध्ये २०२१च्या कायद्याने अशा कार्यक्रमांची तिकिटे मूळ किमतीपेक्षा जास्त दराने विकायला बंदी आहे, त्यामुळे अधिकृत पुनर्विक्रीत तुम्हाला नफा होणार नाही, पण बसण्याच्या जागाही काळ्या बाजाराच्या भावाने घ्याव्या लागणार नाहीत. थोडा धीर धरा. कार्यक्रम जवळ आला की दोन-दोन जागा सुटत राहतात. आणखी एक. २१ जूनला इथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे कार्यक्रमाचा मोठा भाग स्वच्छ उजेडात होईल. सूर्य पाठीशी राहील अशी पश्चिमेची बाजू मिळाली तर पडदे नीट दिसतील. स्टेडियमला लागूनच लॅन्सडाउन रोड स्थानक आहे, त्यामुळे मध्येच निघावे लागले तरी भाऊ पाच मिनिटांत गाडीत बसलेला असेल.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री भावाला दोन्ही प्रतिसाद वाचून दाखवले. मैदानातली जागा सोडायची म्हटल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने एवढेच विचारले की पश्चिमेच्या बाजूने लार्सचे हात दिसतील ना. मी प्रतिसादातले ड्रमसंचांचे वाक्य त्याला पुन्हा वाचून दाखवले. कानाचे माप द्यायला तो येत्या शनिवारी जाणार आहे, आणि आमची मैदानातली तिकिटे आज सकाळी मी पुनर्विक्रीला लावली. पश्चिमेच्या बाजूच्या मधल्या रांगांतल्या लगतच्या दोन जागा कोणाला सुटलेल्या दिसल्या, तर कृपया इथेच कळवावे.