शब्दचर्चा : सैरंध्री

प्रश्न : द्रौपदीने अज्ञातवासात ‘सैरंध्री’ हे नाव घेतले, असे सर्रास लिहिले जाते. हे विशेषनाम आहे की सामान्यनाम?

उत्तर : सामान्यनाम. महाभारताच्या विराटपर्वात द्रौपदी विराट राजाची राणी सुदेष्णा हिला आपले नाव ‘मालिनी’ असे सांगते. सैरंध्री हा तिचा व्यवसाय. केशरचना करणे, उटी वाटणे आणि तऱ्हेतऱ्हेच्या माळा गुंफणे ही आपली कामे ती स्वतःच सांगते, आणि उष्टे अन्न देऊ नये, पाय धुवायला लावू नये, या अटींचा उल्लेखही तिथेच येतो. कामावर ठेवून घेण्याआधी अटी मान्य करून घेणारी बाई बटीक, म्हणजे विकत घेतलेली दासी, नव्हे, हे उघड आहे.

अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाची व्याख्या मोजक्या शब्दांची, पण नेमकी आहे : ‘सैरन्ध्री परवेश्मस्था स्ववशा शिल्पकारिका’, म्हणजे परक्याच्या घरी राहणारी, स्वतःच्या मर्जीची मालकीण असलेली आणि कलाकुसरीचे काम जाणणारी स्त्री. यातला ‘स्ववशा’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात ‘सैरिंध्र’ नावाच्या जातीचे वर्णन ‘अदासं दासजीवनम्’ असे आहे. दास नसून दासासारखे जगणारा, हीच अर्थच्छटा तिथेही दिसते.

अर्थात कोशातली स्ववशता राजवाड्यात किती टिकत असेल, हा प्रश्न उरतोच. सुदेष्णा मद्य आणण्याच्या निमित्ताने द्रौपदीला आपला भाऊ कीचक याच्याकडे धाडते, तेव्हा ती नको म्हणते, दुसऱ्या दासीला पाठवा अशी विनवणी करते. तरीही राणी झाकणाचे सोन्याचे पात्र तिच्या हाती देतेच.

मराठीत हा शब्द द्रौपदीलाच चिकटला, याचे बरेचसे श्रेय रंगभूमीला आणि पडद्याला आहे. खाडिलकरांच्या १९०७ सालच्या ‘कीचकवधा’त प्रेक्षकांना कीचकाच्या जागी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि सैरंध्रीच्या जागी हिंदभूमी दिसू लागली, आणि १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. बाबूराव पेंटर यांचा १९२० सालचा आणि प्रभातचा १९३३ सालचा, असे ‘सैरंध्री’ नावाचे दोन चित्रपटही निघाले.

उपप्रश्न : मग पेशवेकालीन कादंबरीत राणीवशाच्या दासीला सैरंध्री म्हणावे का?

उत्तर : म्हणू नये. त्या काळचे शब्द कुणबीण आणि बटीक हे आहेत. ज्यांची खरेदी-विक्री होत असे, त्या स्त्रियांना ‘स्ववशा’ अर्थाचा शब्द लावणे म्हणजे त्यांच्या गुलामीवर रेशमी पदर ओढणे होय. याउलट, युरोपीय कादंबरीच्या अनुवादात मालकिणीची वेणीफणी आणि पोशाख सांभाळणाऱ्या पगारी बाईसाठी सैरंध्री हा शब्द अर्थाने चपखल आहे; मात्र वाचकाला लगेच द्रौपदी आठवणार, म्हणून तिथे ‘खास दासी’ किंवा ‘खासगी मोलकरीण’ असे लिहिलेले अधिक सुटसुटीत. लेखनात ‘ध्री’ हवे, ‘सैरंद्री’ अशुद्ध.