शिवोली की पेडणे? पणजोबांच्या दफनाची जागा कशी शोधावी

प्रश्न (चोपडेकर)

नमस्कार. मी पेडणे तालुक्यातील चोपडे येथे राहतो. घरात प्रार्थना कोंकणीतून होत असली, तरी शिक्षण मराठी शाळेत झाल्यामुळे लिहिण्याची सवय मराठीचीच आहे. आमचे पणजोबा मूळचे शिवोलीचे. पोदेर (पाव भाजणारे) म्हणून भट्टी चालवण्यासाठी ते शापोरा नदी ओलांडून चोपड्याला आले आणि येथेच स्थायिक झाले. आजीला तिच्या सासूकडून जे कळले होते, त्यानुसार १९०५ ते १९१२ च्या दरम्यान केव्हातरी ते वारले आणि त्यांचा मृतदेह होडीतून पलीकडे नेण्यात आला. दुसरे नातेवाईक मात्र पेडण्यालाच दफन झाले, असे ठामपणे सांगतात. दोन्ही ठिकाणच्या दफनभूमींतील जुने दगड मी वाचून आलो. त्यांचे नाव कोठेही आढळले नाही. वडिलांनी ऐंशी वर्षे ओलांडली आहेत आणि २ नोव्हेंबरला, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या स्मरणदिनी, एकदा तरी आपल्या आजोबांच्या जागी मेणबत्ती लावावी, ही त्यांची इच्छा आहे. शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, हे कृपया सांगावे.

उत्तर १ (म्हापसेकर)

आपण दगड शोधत आहात, ते प्रथम थांबवावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. गोव्यातील पॅरिशच्या (एका चर्चच्या अखत्यारीतील परिसराच्या) दफनभूमीत जागा अपुरी असते, त्यामुळे कायमची विकत घेतलेली कबर सोडल्यास बाकीची जागा काही वर्षांनी पुन्हा वापरली जाते आणि आधीच्या व्यक्तीच्या अस्थी सामाईक अस्थिकुंडात ठेवल्या जातात. शंभर वर्षांपूर्वीच्या पोदेराच्या नावाचा दगड न मिळणे हे स्वाभाविक आहे. त्यावरून त्यांचे दफन तेथे झाले नाही, असा निष्कर्ष काढू नये. आपल्याला हवी आहे ती मृत्यूची लेखी नोंद.

गोव्यात नागरी नोंदणी १९१४ पासून सुरू झाली, म्हणजे आपल्या पणजोबांच्या मृत्यूनंतर. त्याआधीच्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी पॅरिशची पुस्तके, म्हणजे चर्चने ठेवलेल्या बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूच्या नोंदवह्या, हाच आधार आहे. तरीही मी आपल्याला सुरुवात १९१४ नंतरच्या नोंदींपासूनच करायला सांगेन. आपल्या आजोबांच्या विवाहाची नागरी नोंद काढावी, कारण तीत वराच्या आईवडिलांची पूर्ण नावे, त्यांचे मूळ गाव आणि वडील हयात होते की नव्हते, हे मिळण्याची मोठी शक्यता असते. घरात ज्यांना सगळे ‘बाबूश’ म्हणत, त्यांचे बाप्तिस्म्याचे नाव अगदीच वेगळे असू शकते आणि ते नाव हाती नसेल, तर पॅरिशच्या पुस्तकात त्यांची नोंद डोळ्यांसमोर असूनही ओळखू येत नाही. नोंदणीची जुनी पुस्तके आणि काही पॅरिशची पुस्तकेही पणजीच्या पुराभिलेख संचालनालयात आहेत. बाकीच्यांसाठी शिवोलीच्या सेंट अँथनी चर्चमध्ये आणि पेडण्याच्या सेंट जोझेफ चर्चमध्ये फादरांना आधी पत्र लिहून, वेळ ठरवून जावे. आज ज्या गावाला स्वतःची पॅरिश आहे, ते त्या काळी शेजारच्या पॅरिशमध्ये मोडत असण्याचाही संभव असतो, म्हणून चोपडे तेव्हा कोणाकडे होते, हे तेथेच विचारावे.

पोर्तुगीज येत नसले तरी घाबरू नये. मृताचे नाव समासात लिहिलेले असते, तारीख बहुधा अक्षरांत असते आणि वाक्यरचना पानोपानी तीच ती येते. ‘फालेसेउ’ म्हणजे निवर्तले, ‘व्हिउव्हु’ म्हणजे विधुर, ‘नातुराल’ म्हणजे मूळचे राहणारे, आणि ‘फोइ सेपुल्तादु’ म्हणजे दफन करण्यात आले. या शेवटच्या शब्दांपुढे जे लिहिलेले असेल, तेच आपले उत्तर.

उत्तर २ (हळदोण्याची)

वरील उत्तराला एक जोड देते. कोंफ्रारीच्या (चर्चशी जोडलेल्या धार्मिक बंधुमंडळाच्या) हिशेबाच्या वह्या अवश्य विचाराव्यात. सदस्याच्या अंत्ययात्रेला कोंफ्रारी हजर राहत असे आणि त्याचा खर्च वहीत पडत असे. माझ्या आईच्या आजोबांचा माग मला मृत्यूच्या पुस्तकातून नव्हे, तर अशाच एका वहीतून लागला. मात्र अनेक गावांत कोंफ्रारीचे सदस्यत्व जातीनुसार ठरत असे, म्हणून आपले कुटुंब कोणत्या कोंफ्रारीत होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना आधी विचारून घ्या. चर्चच्या आतील फरशीवरचे शिलालेख पाहण्यात वेळ घालवू नका. पोर्तुगालच्या १८३५ च्या हुकुमाने चर्चच्या आत दफन करण्यास मनाई झाली होती आणि आपले पणजोबा त्यानंतर सत्तर वर्षांनी वारले.

चोपडेकर

दोघांचेही मनापासून आभार. उत्तर द्यायला चार महिने लागले, पण आपण सांगितलेल्या क्रमानेच गेलो. आजोबांच्या विवाहाच्या नोंदीत त्यांच्या वडिलांचे पूर्ण नाव मिळाले, जे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. घरात चालत आलेल्या नावाशी त्याचा काहीच संबंध नाही. ते नाव घेऊन शिवोलीला गेलो. फादरांनी पुस्तक स्वतः उघडून दिले आणि तिसऱ्या दिवशी १९०८ च्या पानांवर नोंद मिळाली. मृत्यू चोपड्याला झाला आणि दफन शिवोलीच्या चर्चच्या दफनभूमीत. होडीची गोष्ट खरी ठरली. नेमकी कबर आता सांगता येत नाही, म्हणून वडिलांना अस्थिकुंडापाशी नेले. ते तेथे बराच वेळ उभे होते.

त्याच नोंदीत मृत्युपत्र केले नाही आणि मागे दोन मुले आहेत, असे लिहिले आहे. आम्ही आजवर आजोबांना एकुलते एक समजत होतो. त्या दुसऱ्या अपत्यासाठी शिवोलीची बाप्तिस्म्याची पुस्तके आधी पाहावीत की पेडण्याची, यावर आपले मत कळवावे.

म्हापसेकर

पेडण्याची. भट्टी चोपड्यात सुरू झाल्यानंतरचा जन्म असेल, तर तो तेथेच नोंदलेला असण्याचा संभव अधिक. बाप्तिस्म्याच्या नोंदीत दोन्हीकडच्या आजीआजोबांची नावेही असतात. तीही सोबतच उतरवून घ्या.