सूर्यप्रकाश न येणाऱ्या खोलीसाठी पहिली झाडे कोणती निवडावीत?

पहिली कुंडी (नवी पेठ, सोलापूर)

नमस्कार. मी मूळची मोहोळ तालुक्यातली असून नोकरीनिमित्त गेल्या दिवाळीपासून सोलापुरात राहते. नवी पेठेच्या मागच्या बाजूला एका जुन्या घरात तळमजल्यावर मला दहा बाय बारा फुटांची खोली मिळाली आहे. खोलीला एकच खिडकी आहे. ती उत्तरेच्या बोळात उघडते आणि समोर चार-साडेचार फुटांवर शेजारच्या दुमजली घराची भिंत आहे, त्यामुळे घरमालकीणबाईंच्या सांगण्याप्रमाणे बारा महिन्यांत कधीही तिथून ऊन आत येत नाही. दुपारी दिवा न लावता खिडकीजवळ बसून वर्तमानपत्र वाचता येते, पलंगापाशी मात्र अक्षरे नीट दिसत नाहीत.

गावी अंगणात तुळस, मोगरा आणि जास्वंद असल्यामुळे झाडांशिवाय खोली ओकीओकी वाटते. म्हणून गड्ड्याची यात्रा संपता संपता मी तुळस आणि गुलाब अशी दोन रोपे आणून खिडकीच्या कठड्यावर ठेवली. रोज सकाळी न चुकता तांब्याभर पाणी घातले, तरीही तुळशीची पाने गळत गेली आणि तीन आठवड्यांत खोड बुडाशी काळे पडले. गुलाब अजून उभा आहे, पण त्याची निम्मी पाने पिवळी झाली आहेत. इतकी काळजी घेऊनही असे का झाले, हे मला समजलेले नाही.

माझी रुग्णालयातली नोकरी पाळीची असून महिन्यातून चार-पाच दिवस मी गावी जाते. नळाला रोज पाणी येत नाही, पिण्याचे पाणी साठवावे लागते आणि वापराला बोअरचे पाणी आहे. घरमालकीणबाईंचा दोन वर्षांचा नातू दिवसभर माझ्या खोलीत ये-जा करतो. या परिस्थितीत सहाशे-सातशे रुपयांच्या आत कोणती झाडे आणावीत, त्यांना किती पाणी द्यावे आणि आमच्या शेतातली काळी माती कुंडीत चालेल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गच्चीवरची बाग (जुळे सोलापूर)

ताई, तुमची तुळस दुर्लक्षामुळे गेलेली नाही. उलट तिला न सोसणारे पाणी रोज मिळत राहिले, म्हणून ती गेली. खोड बुडाशी काळे पडणे हे मूळकुजीचे लक्षण आहे. हे नेमके कशामुळे होते ते आधी समजून घ्या, कारण ते समजले की झाडांची निवड पुष्कळ सोपी होते.

झाड पाणी किती पिते हे त्याला मिळणाऱ्या उजेडावर फार अवलंबून असते. भरपूर उजेड असेल तर पाने अन्न तयार करतात, त्यासाठी पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची बारीक छिद्रे, उघडी राहतात, त्यांतून वाफ बाहेर जाते आणि तितके पाणी मुळे वर ओढतात. उजेड कमी झाला की हे सगळेच मंदावते. मग कुंडीतले पाणी वापरले जात नाही, मातीतली हवा संपते आणि श्वास कोंडलेली मुळे कुजू लागतात. आपल्या सोलापुरात इथेच फसगत होते. एप्रिल-मे महिन्यांत बाहेर पारा ४२-४३ अंशांवर गेलेला पाहून आपल्याला वाटते की झाडालाही तहान लागली असेल. गच्चीवरच्या झाडाला ती खरोखरच लागते, परंतु तुमच्या बोळातल्या खिडकीमागचे झाड त्याच दिवशी त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढेही पाणी पीत नसेल. एकाच घरातल्या दोन कुंड्यांना एकाच वेळापत्रकाने पाणी घालणे म्हणूनच चुकीचे ठरते.

उजेडाचा अंदाज डोळ्यांनी नीट येत नाही, कारण डोळे अंधाराला लवकर सरावतात. भर दुपारी उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो, तर खिडकीपासून दोन-तीन मीटर आत तो कित्येकदा दीड-दोनशे लक्सवर आलेला असतो. कुंडी जिथे ठेवायची तिथे दुपारी बारा वाजता एक पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरा. हाताची सावली पुसट का होईना, पण बोटे ओळखू येतील अशी पडली, तर कमी उजेडात तग धरणारी झाडे तिथे राहू शकतील. सावलीच पडली नाही, तर तिथे दिव्याशिवाय कोणतेही झाड लावू नये. तुमच्या वर्णनावरून खिडकीलगतची जागा पहिल्या प्रकारात आणि पलंगाजवळची दुसऱ्या प्रकारात मोडेल, असे मला वाटते.

आता झाडांविषयी. तुमची पाळीची नोकरी आणि गावच्या फेऱ्या पाहता मी पहिले नाव झेडझेड प्लांटचे घेईन. हे झाड मूळचे पूर्व आफ्रिकेतले असून तिथल्या लांबलचक कोरड्या हंगामात ते मातीखालच्या कंदांत पाणी साठवून टिकून राहते. मी एकदा कुंडी बदलताना त्याची माती झटकली, तेव्हा मुळांच्या मध्ये लहान बटाट्यांसारखे गुळगुळीत, टणक कंद एकमेकांना चिकटून बसलेले दिसले. ते पाहिल्यावर तीन आठवडे पाणी न मिळाल्याने या झाडाचे काही बिघडत का नाही, हे सांगावे लागत नाही. दुसरे नाव स्नेक प्लांटचे. ते पश्चिम आफ्रिकेतले असून त्याच्या जाड पानांतच पाणी साठलेले असते. उंच जातीपेक्षा बुटकी, फुलासारखी पसरणारी जात सहसा स्वस्त मिळते आणि अरुंद कठड्यावर मावतेही.

सहा इंची कुंडीतल्या या दोन्ही झाडांना तुमच्या खोलीत साधारण तीन आठवड्यांतून एकदा पाणी पुरेल. मात्र दिवस मोजून पाणी घालू नका. पाणी घातल्यावर लगेच कुंडी उचलून तिचे वजन हाताला कळू द्या आणि नंतर दर शनिवारी ती पुन्हा उचलून पाहा. ती लक्षात येण्याइतकी हलकी झाली आणि मातीत दोन पेरांपर्यंत घातलेले बोट कोरडे बाहेर आले, तरच पाणी घाला. घालताना मात्र खालच्या भोकातून निथळेपर्यंत घाला आणि ताटलीत जमलेले पाणी अर्ध्या तासाने ओतून टाका.

गुलाब त्या खोलीत जगणार नाही. त्याला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागते, त्यामुळे तो शक्य तितक्या लवकर ओळखीच्या कोणाच्या तरी गच्चीवर ठेवावा.

माती आणि मशागत (होटगी रोड)

वरचे उत्तर योग्य आहे. मी फक्त मातीपुरते लिहितो, कारण शेतातली काळी माती आणून कुंडीत भरण्याची चूक मी स्वतः दोन वर्षे केली आहे.

आपली काळी माती ज्वारीला उत्तम, कारण ती पावसाळ्यातले पाणी धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीचे पीक येते. नेमका हाच गुण कुंडीत अवगुण ठरतो. ओली असताना ती लोण्यासारखी चिकट होते आणि हवेला आत जाऊ देत नाही. सुकली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि भोवती बोटभर फट पडते. मग वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते. ताटली भरलेली दिसते म्हणून पाणी पोहोचले असे आपण समजतो, पण मुळांचा गोळा आत कोरडाच राहिलेला असतो.

तांबडी माती, भिजवून पिळलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू समप्रमाणात घेऊन त्यात दोन मुठी गांडूळखत मिसळावे. जाड वाळू मिळाली नाही, तर चाळलेला बारीक मुरूमही चालतो. मिश्रण ओले करून मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच तो फुटावा, इतकी परीक्षा पुरेशी आहे. कुंडी मातीचीच घ्यावी, कारण तिच्या भिंतीतून ओल बाहेर जाते आणि पाणी थोडे जास्त झाले तरी झाडाला सावरायला वाव राहतो. बुडाला भोक नसलेली चिनी मातीची शोभेची कुंडी नवशिक्याने घेऊच नये. ती फारच आवडली, तर तिच्यात भोके असलेली साधी कुंडी ठेवावी.

हिरवा कोपरा (विजापूर रोड)

झेडझेड प्लांटबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. ते चिवट आहे यात शंका नाही, पण कमी उजेडात सहा-सहा महिने त्याला नवा कोंब येत नाही आणि पहिलेच झाड लावणाऱ्याचा उत्साह त्यामुळे मावळतो. म्हणून सोबतीला एक मनी प्लांट अवश्य ठेवा. प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरची ही वेल जंगलात मोठमोठ्या वृक्षांवर चढते, त्यामुळे झाडांखालचा अंधुक उजेड तिला परका नाही. ओळखीच्या कोणाकडून वीतभर फांदी घ्या, पेराच्या अर्धा इंच खाली कापा आणि एक पेर बुडेल अशा बेताने पाण्याच्या बाटलीत ठेवा. पाने पाण्यात बुडू देऊ नका आणि दर आठवड्याला पाणी बदला. पेरावर तपकिरी टोकासारखा उंचवटा असतो, तिथूनच पांढरी मुळे निघताना काचेतून दिसतात. पानांवर पांढरे-पिवळे पट्टे असलेल्या जातीपेक्षा साधी हिरवी जात घ्या, कारण पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते आणि अंधुक खोलीत त्या जातीची वाढ अधिकच मंद होते.

दोन वर्षांच्या बाळाचा तुम्ही उल्लेख केलात, म्हणून हे आवर्जून लिहिते. मनी प्लांट, झेडझेड, अ‍ॅग्लोनिमा, पीस लिली आणि डिफेनबेकिया या सर्वांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावले गेले तर तोंडाची आग होते आणि जीभ-ओठ सुजतात. स्नेक प्लांट खाल्ल्यास मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. म्हणून या कुंड्या बाळाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवरच ठेवाव्यात. त्यातल्या त्यात निर्धोक हवे असेल तर स्पायडर प्लांट आहे, पण त्याला या झाडांपेक्षा थोडा अधिक उजेड लागतो आणि क्षारयुक्त पाण्याने त्याच्या पानांची टोके तपकिरी होतात.

पाण्याविषयीही सांगते. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरा थर जमू लागला, तर तो वरचेवर खरवडून काढावा आणि झाडांसाठी शक्यतो साठवलेले नळाचे पाणीच वापरावे. तीन आठवड्यांतून दोन तांबे लागतात, तेवढे नक्कीच निघते. कूलरच्या टाकीत उरलेले किंवा पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी कुंडीला घालू नका, कारण त्यात क्षार एकवटलेले असतात. पावसाचे पाणी मिळाले तर ते सर्वांत उत्तम. उन्हाळ्यात कूलरचा झोत झाडांवर येऊ देऊ नये.

पहिली कुंडी (नवी पेठ, सोलापूर)

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. कागदाची परीक्षा मी काल दुपारी केली. खिडकीपाशी बोटांची पुसट सावली दिसली, पलंगाजवळ काहीच दिसली नाही. गुलाब आमच्या एका सहकारी ताईंच्या गच्चीवर पोहोचवला आहे.

आणखी दोन शंका आहेत. पलंगाजवळच्या फळीवर दिवा लावून झाड ठेवता येईल का? आणि स्नेक प्लांट रात्री प्राणवायू देऊन खोलीतली हवा शुद्ध करते असे रोपवाटिकेत सांगण्यात आले, ते कितपत खरे आहे? घरमालकीणबाईंना दम्याचा त्रास आहे, म्हणून विचारते.

गच्चीवरची बाग (जुळे सोलापूर)

दिवा अवश्य लावता येईल. त्यासाठी महागडा खास दिवा घेण्याची गरज नाही, ९ वॅटचा पांढऱ्या प्रकाशाचा साधा एलईडी बल्ब पानांपासून फूटभर अंतरावर रोज दहा ते बारा तास चालू ठेवला तरी झेडझेड किंवा मनी प्लांटला पुरतो. बारा तासांच्या हिशेबाने महिन्याला सव्वातीन युनिट वीज लागेल. पाळीमुळे तुम्हाला वेळ सांभाळता येणार नसेल, तर आपोआप चालू-बंद करणारा टायमर बसवून घ्यावा. रात्रभर दिवा चालू ठेवू नका, झाडालाही काळोख हवा असतो.

हवेविषयी मात्र स्पष्टच सांगतो, कारण प्रश्न दम्याचा आहे. स्नेक प्लांट रात्री पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड साठवते हे खरे आहे, पण म्हणून खोलीतला प्राणवायू जाणवण्याइतका वाढत नाही. झाडे हवा शुद्ध करतात ही समजूत मुख्यतः नासाच्या १९८९ च्या एका अभ्यासातून पसरली, परंतु ते प्रयोग हवाबंद लहान पेट्यांत केलेले होते. पुढे २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. इमारतीत नेहमी होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीइतका परिणाम साधायचा असेल, तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडे लागतील, असे त्यात आढळले. तुमची खोली साधारण ११ चौरस मीटरची आहे, म्हणजे कमीत कमी ११० झाडे झाली. त्यापेक्षा खिडकी उघडी ठेवणे कितीतरी अधिक उपयोगाचे. घरमालकीणबाईंच्या औषधोपचारात झाडांच्या भरवशावर काहीही बदल होऊ देऊ नका, आणि त्यांच्या वावराच्या जागी सतत ओली, बुरशी धरलेली माती राहणार नाही याची काळजी घ्या.

पानांवर धूळ बसली की आधीच कमी असलेला उजेड आणखी अडतो. पंधरा दिवसांतून एकदा खालून हाताचा आधार देऊन प्रत्येक पान ओल्या मऊ फडक्याने पुसा. त्या निमित्ताने पानांच्या बगलेत कापसासारखे पांढरे ठिपके, म्हणजे पिठ्या ढेकूण, आहेत का तेही लगेच दिसेल.

पहिली कुंडी (नवी पेठ, सोलापूर)

दोन महिन्यांनंतर लिहीत आहे. एक झेडझेड आणि एक बुटके स्नेक प्लांट आणले. माती वर सांगितल्याप्रमाणे कालवली आणि दोन्ही कुंड्या खिडकीच्या वरच्या फळीवर, बाळाच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवल्या. मनी प्लांटची फांदी शेजारच्या काकूंनी दिली, ती पलंगाजवळ दिव्याखाली बाटलीत आहे. बाराव्या दिवशी तिला पहिले मूळ दिसले आणि आता तिसरे नवे पान उलगडत आहे. झेडझेडला कोंब आलेला नाही, पण एकही पान पिवळे पडलेले नाही.

या आठवड्यात बाहेर अक्षरशः आग ओतते आहे आणि कामावरून आल्यावर हात आपोआप तांब्याकडे जातो. तरी आज आधी झेडझेडची कुंडी उचलून पाहिली. ती अजून जड लागली, म्हणून पाणी घातलेले नाही.