एक्स्पीवरचा पेजमेकर: चालू ठेवावा की बंद करावा?

अक्षरजुळणी:

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ आमचे अक्षरजुळणीचे दोन खोल्यांचे काम आहे. तिथे विंडोज एक्स्पीवर चालणारा एक संगणक आजही रोज सकाळी सुरू होतो. त्यावर पेजमेकर ७ हे पुस्तकाची पाने मांडण्याचे सॉफ्टवेअर आहे, मराठी फाँटचे एक जुने पॅकेज आहे आणि ते पॅकेज चालावे म्हणून मागच्या बाजूला, प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टला, आगपेटीएवढे डोंगल, म्हणजे परवाना तपासणारे उपकरण, लावलेले आहे. आमच्या संगणकांची देखभाल करणाऱ्या गृहस्थांनी हा संगणक भंगारात काढावा असे गेल्या महिन्यात लेखी कळवले. मायक्रोसॉफ्टने एक्स्पीच्या सुरक्षा-दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवल्या, हे त्यांचे कारण खरे आहे. तरीही मी नकार दिला. तो का दिला हे सविस्तर मांडतो, आणि ज्यांना ते पटणार नाही त्यांनी स्पष्टपणे विरोध करावा अशी विनंती करतो.

पेजमेकर १९८५ साली ऑल्डस कंपनीने आणला, १९९४ साली ऑल्डसच अडोबीकडे गेली आणि २००१ मध्ये आलेली सातवी आवृत्ती ही शेवटची ठरली. त्याच्या फायली अडोबीच्याच नव्या इनडिझाइनमध्ये उघडण्याची सोय सीएस ६ या आवृत्तीपर्यंत होती. पुढे तीही काढून टाकण्यात आली. इंग्रजी पुस्तकांच्या बाबतीत एवढ्यावर काम भागले, कारण मांडणी मोडली तरी मजकूर हाती लागतो. मराठीची अडचण वेगळी आहे. युनिकोड ही सगळ्या भाषांच्या अक्षरांना ठराविक संकेत देणारी पद्धत येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये मराठी अक्षर हे मराठी अक्षर म्हणून साठवलेलेच नसते. रोमन अक्षरांच्या जागांवर आपल्या अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. ‘किल्ला’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी साठवली जाते आणि क नंतर, कारण कागदावर ती आधी दिसते. युनिकोडमध्ये क आधी येतो आणि वेलांटी त्याच्यामागून. ‘सर्व’मधला रफार जुन्या फाँटमध्ये व नंतर येतो, युनिकोडमध्ये व च्या आधी. शिवाय श्रीलिपी, आकृती, आयएसएम या प्रत्येक फाँट-पॅकेजचा तक्ता निराळा. खुद्द एक्स्पीला युनिकोड मराठी येत होते. पेजमेकरला ते शेवटपर्यंत आले नाही.

यातून काय होते त्याचे एक उदाहरण देतो. सह्याद्रीतल्या भटकंतीचे एक पुस्तक आम्ही २००३ साली जुळवले होते. प्रकाशकांना दुसरी आवृत्ती काढायची होती, म्हणून मजकूर कन्व्हर्टरमधून, म्हणजे जुने संकेत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, युनिकोडमध्ये घेतला. पाने स्वच्छ दिसत होती. आमच्या मुद्रितशोधक बाई चौथ्या पानावर थांबल्या. ‘दऱ्या उतरून’ असे होते तिथे ‘दर्या उतरून’ झाले होते, म्हणजे डोंगरातली माणसे समुद्रात उतरली होती. पुढे ‘आचाऱ्यांनी पिठले-भाकरी वाढली’ या वाक्यात आचाऱ्यांचे ‘आचार्यांनी’ झाले होते. अर्ध्या र चा हा आडवा फराटा आपल्या मराठीत अर्थ बदलतो, आणि दोन्ही शब्द शब्दकोशात असल्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्या कोणत्याही प्रणालीला ही चूक सापडत नाही. मूळ पान एक्स्पीवर उघडून शेजारी ठेवले म्हणून त्या पुस्तकातल्या अशा बावन्न जागा सापडल्या.

माझे म्हणणे एवढेच आहे की जिथे मूळ मजकूर जसाच्या तसा वाचता येतो असे एकच यंत्र उरले असेल, तर तो मजकूर दुसरीकडे अचूक उतरल्याची खात्री होईपर्यंत ते यंत्र चालू ठेवणे हे कर्तव्य आहे. ते नेटला जोडू नये, हे मला पूर्ण मान्य आहे आणि आमचे जोडलेलेही नाही.

पहारेकरी:

मी गेली अठरा वर्षे लहान संस्थांचे संगणक सांभाळतो. ‘नेटला जोडलेला नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकले की प्रथम पेनड्राइव्ह कुठे आहे ते विचारतो. एका पतसंस्थेत फॉक्सप्रोवर लिहिलेली हिशेबाची प्रणाली एक्स्पीवर चालत होती. तो संगणकही नेटला जोडलेला नव्हता. फक्त प्रिंटर सर्वांना वापरता यावा म्हणून कार्यालयातल्या इतर संगणकांना केबलने जोडलेला होता. एका सोमवारी सकाळी खातेदारांच्या सगळ्या फायली कुलूपबंद झालेल्या आढळल्या. बॅकअप होता, पण तो त्याच हार्ड डिस्कच्या दुसऱ्या भागात होता. पुढचे दोन महिने कर्मचाऱ्यांनी छापील खतावण्यांवरून नोंदी पुन्हा भरल्या, आणि ठेवीदार रोज खिडकीशी येऊन आपले पैसे सुरक्षित आहेत ना, असे विचारत राहिले. नेटपासून तोडलेल्या यंत्रणाही पेनड्राइव्हमधून बाधित होतात, हे २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या विषाणूने इराणच्या नतान्झ येथील अणुकेंद्रात दाखवून दिलेच आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना एटीएममधल्या कालबाह्य प्रणाली जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदलण्याचे आदेश दिले, ते उगीच दिले नाहीत.

पण तुमच्या मांडणीवर माझा खरा आक्षेप सुरक्षेचा नाही. ‘मजकूर बाहेर काढेपर्यंत यंत्र चालू ठेवू’ असे तुम्ही म्हणता. यंत्र चालू असते म्हणूनच मजकूर बाहेर काढला जात नाही, हा माझा अनुभव आहे. दुरुस्त्या बंद होऊन इतकी वर्षे झाली. या काळात तुमच्याकडची किती पुस्तके युनिकोडमध्ये आली, तो आकडा कृपया सांगावा. एक्स्पीच्या काळातली हार्ड डिस्क बंद पडण्यापूर्वी तुम्हाला पत्र पाठवणार नाही. लिब्रे ऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये २०१५ पासून पेजमेकरच्या फायली उघडण्याची सोय आहे, तीही तुम्ही पाहिलेली दिसत नाही.

अक्षरजुळणी:

आकडा विचारलात ते योग्य केलेत. साधारण साडेतीनशे पुस्तकांपैकी एकोणीस पुस्तके युनिकोडमध्ये आली आहेत. हा आकडा लिहिताना मला वाईट वाटते, पण लपवण्यात अर्थ नाही. जे पुस्तक पुन्हा छापायचे ठरते त्याचेच पैसे मिळतात आणि त्याचेच रूपांतर होते. बाकीची तशीच पडून आहेत.

पेनड्राइव्हबद्दल सांगतो. त्या संगणकाचे यूएसबी पोर्ट आम्ही बंद केले आहेत. बाहेर न्यायचे ते सीडीवर लिहून नेतो. आत काहीही येत नाही, दुरुस्त्या कागदावरून पाहून हातानेच करतो. लिब्रे ऑफिसमध्ये मी फायली उघडून पाहिल्या आहेत. इंग्रजी मजकुराचे ठीक आहे, पण आमच्या पानांतून तेच रोमन तुकडे बाहेर आले, म्हणजे प्रश्न जिथे होता तिथेच राहिला.

नवी प्रणाली म्हणजे सुरक्षित प्रणाली, हे समीकरण मात्र मला मान्य नाही. मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा विषाणू पसरला तेव्हा लागण झालेल्या संगणकांपैकी बहुसंख्य विंडोज ७ चे होते, ज्या विंडोज ७ ला तेव्हा दुरुस्त्या मिळत होत्या. त्या दोन महिने आधी येऊनही कोणी बसवल्या नव्हत्या. त्याच वर्षी जून अखेरीस नॉटपेट्या हा दुसरा विषाणू आला. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून शिरला, मर्स्क या जहाज-वाहतूक कंपनीत पोहोचला आणि आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. जो संगणक कुठेच जोडलेला नाही, त्याला निदान या वाटेने धोका नाही.

सातपूरकर:

नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत माझे लहान वर्कशॉप आहे. तिथल्या एका वायरकट मशीनचा, म्हणजे तारेने धातू कापणाऱ्या यंत्राचा, कंट्रोलर डॉस या विंडोजपूर्व प्रणालीवर चालणाऱ्या संगणकावर आहे. त्याचे कार्ड आयसा या जुन्या प्रकारच्या स्लॉटमध्ये बसते, आणि तो स्लॉट असलेला मदरबोर्ड आता जुन्या बाजारातच मिळतो. नव्या संगणकात आभासी यंत्र, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक, तयार करून त्यात डॉस चालवा, असा सल्ला मला तीन जणांनी दिला. हिशेबाच्या कामाला तो सल्ला चांगला आहे. माझ्या मशीनला तो लागू पडत नाही, कारण तिथे सॉफ्टवेअर थेट कार्डाशी बोलते आणि स्पंदने ठरल्या क्षणीच जावी लागतात. त्यात जरा उशीर झाला की तार तुटते आणि जॉब वाया जातो. मशीनला नवा कंट्रोलर बसवण्याचा खर्च मला परवडणारा नाही, आणि मशीन अजून हव्या त्या मापात काम देते.

म्हणून मी अक्षरजुळणी यांच्या बाजूचा आहे. पण त्यांनी हार्डवेअरकडे लक्ष दिलेले दिसत नाही. विषाणूपेक्षा मदरबोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर आणि उतरलेली बायोस बॅटरी यांनी माझे जास्त दिवस वाया घालवले आहेत. मी डिस्कच्या दोन हुबेहूब प्रती काढून ठेवल्या आहेत, त्यातल्या एका प्रतीवर मशीन प्रत्यक्ष चालवून पाहिले आहे, आणि एक जादा मदरबोर्ड प्लास्टिकमध्ये गुंडाळून कपाटात आहे. एवढी तयारी असेल तरच जुने यंत्र चालू ठेवतो असे म्हणावे.

पहारेकरी:

सातपूरकर यांच्या मशीनला माझा विरोध नाही, कारण तिथला धोका त्यांचा स्वतःचा आहे आणि तो त्यांनी समजून उचलला आहे. पतसंस्थेत धोका संचालक मंडळाने पत्करला आणि भोगला ठेवीदारांनी. अक्षरजुळणी यांच्याकडे असलेला मजकूरही त्यांचा नाही, लेखकांचा आहे. त्या साडेतीनशे लेखकांना, आपले पुस्तक एका डिस्कवर आणि एका डोंगलवर अवलंबून आहे, हे कोणी कळवले आहे का?

फोंडेकर:

मी फोंड्याला असतो आणि गोव्यातल्या जुन्या मराठी नियतकालिकांच्या जतनाचे काम करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या टेबलावरचा आहे. अक्षरजुळणी यांच्या मूळ मुद्द्यात मला एक गफलत दिसते. कन्व्हर्टरची चूक पकडायला त्यांना मूळ पान दिसायला हवे होते. मूळ संगणक हवा होता असे नाही. पेजमेकर ७ मधून पीडीएफ काढता येते आणि फाँट त्यातच बसवला की ती पीडीएफ कोणत्याही संगणकावर, डोंगलशिवाय, जशीच्या तशी दिसते. ‘दऱ्या’ तिथे ‘दऱ्या’च राहते. त्यात शब्द शोधता येत नाही, आणि मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला तर रोमन अक्षरांचा गोंधळ उमटतो, हे खरे. म्हणून आम्ही प्रत्येक अंकाच्या तीन गोष्टी एकत्र ठेवतो: पीडीएफ, कच्चा मजकूर त्याच्या जुन्या संकेतांसह, आणि वापरलेल्या फाँटची फाइल. या तिन्हींवरून रूपांतर आज करा किंवा दहा वर्षांनी, तपासायला पुरावा हाताशी राहतो.

एका अंकाला पीडीएफ काढायला मला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. युनिकोडमध्ये आणून ओळ न् ओळ तपासायला आठवडे लागतात, आणि ते काम जाणकार मुद्रितशोधकाचेच आहे. त्याला मोबदला कोण देणार, हा मराठी प्रकाशन व्यवहाराचा खरा प्रश्न आहे. पण ही दोन कामे तुम्ही एकमेकांत गुंतवून ठेवली आहेत. आठवडे लागणारे काम होत नाही म्हणून पंचवीस मिनिटांचेही राहून गेले. पहारेकरी यांचा राग मला याच कारणासाठी रास्त वाटतो, जरी एक्स्पी बंद करण्याची त्यांच्याइतकी घाई मला नाही.

अक्षरजुळणी:

फोंडेकर, तुमचे म्हणणे वाचून दोन दिवस उत्तर दिले नाही, कारण आधी करून पाहायचे होते. सातपूरकर यांच्या सांगण्याप्रमाणे प्रथम डिस्कची प्रत काढून घेतली. ती प्रत लावून संगणक सुरू केला, पेजमेकर चालला, डोंगलही ओळखले. मग पीडीएफ काढायला बसलो. दोन दिवसांत एकतीस पुस्तके झाली. भटकंतीच्या पुस्तकाची पीडीएफ मी घरच्या संगणकावर उघडली. चौथ्या पानावर दऱ्या आहेत आणि आचारीही आपल्या जागी आहेत.

त्यामुळे माझा मूळचा दावा मी मागे घेतो: तयार झालेल्या पुस्तकांचा पुरावा म्हणून हे यंत्र अनिवार्य नाही. पंचांगासारखी जी कामे दरवर्षी त्याच चौकटीत नव्याने भरावी लागतात, त्यांच्यासाठी मात्र ते अजून लागते. ती चौकट नव्या प्रणालीत उभी करून एक वर्ष दोन्हीकडे चालवून पाहिल्याशिवाय मी एक्स्पी बंद करणार नाही. पहारेकरी यांना हे पटणार नाही, याची कल्पना आहे. लेखकांना कळवण्याचा त्यांचा मुद्दा मात्र मी प्रकाशकांकडे पत्राने मांडला आहे.

एक अडचण उरली आहे. एकतीसपैकी तीन पुस्तकांत शीर्षकांसाठी १९९९ च्या सुमाराचा दुसऱ्याच एका पॅकेजचा फाँट वापरला होता आणि तो आमच्याकडे आता नाही. फाइल उघडली की शीर्षकांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. त्यातल्या एका पुस्तकाची छापील प्रतही आमच्याकडे उरलेली नाही. त्या काळात अक्षरजुळणीचे काम केलेल्या कोणाकडे जुन्या फ्लॉपी किंवा सीडी जपून ठेवलेल्या असतील, तर फाँटचे नाव आणि त्या शीर्षकांची छापून काढलेली पाने मी दाखवू शकेन.