मदत हवी आहे: विणलेल्या वस्तूंची फिरती पेटी दमट हवेत कशी जपावी आणि सोबतच्या वहीत काय लिहावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही काही विणणाऱ्या मैत्रिणी, आणि आता एक-दोन मित्रही, अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत किनाऱ्याला विखुरलेलो आहोत. कुणी सुयांवर विणतं, कुणी क्रोशे करतं. दापोलीच्या ताईंकडे टेबलावर मावेल असा छोटा हातमाग आहे. रत्नागिरीजवळचे एक काका आयुष्यभर मासेमारीची जाळी विणत आले, आता त्याच गाठीच्या बाजारपिशव्या करतात. आजवर एकमेकांना फोटो पाठवून भागवलं. पण फोटोत नक्षी दिसते, स्वेटरची उलटी बाजू दिसत नाही. दोन रंगांचे धागे मागून कसे नेलेत, काठ कशाने सरळ राहिला, कापड अंगावर कसं पडतं, हे काही कळत नाही, आणि शिकायचं असतं ते नेमकं तेच.

म्हणून एक पेटी फिरवायची ठरवली आहे. प्रत्येकाने आपली एक वस्तू तीत ठेवायची. पेटी ज्याच्या घरी येईल त्याने दोन-तीन आठवडे ठेवून घ्यावी, वस्तू हाताळाव्यात, उलटसुलट करून बघाव्यात, जमेल तो नमुना स्वतः घालून बघावा, वहीत लिहावं आणि पेटी पुढे पाठवावी. सध्या जमलेल्या वस्तू: बाळाची टोपी आणि मोजे, जाळीदार लोकरी शाल, हातमागावरचा लाल काठाचा सुती पंचा, काकांची पिशवी, आणि एकीच्या आजोळचा जुना घोंगडीचा तुकडा. तो मिळाल्यावर मला फार आनंद झाला, कारण आमच्यापैकी बहुतेकींनी हाताने कातलेली देशी लोकर जवळून पाहिलेलीच नाही.

अडचण आहे ती आपल्या हवेची. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. कपाटातल्या सुती साड्यांनाही बुरा येतो, मग बंद पेटीतल्या लोकरीचं काय होईल? पेटी गणपतीनंतर निघेल, पण पुढचा पावसाळाही तिला बाहेरच काढायचा आहे. शिवाय लोकर कुरतडणाऱ्या कसरीची भीती आहेच. डांबरगोळ्या टाकाव्यात का? आणि वहीत प्रत्येकाने नेमकं काय लिहावं, म्हणजे वस्तू परत गेल्यावरही दुसऱ्याला ती करता येईल? अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद (चिपळूण)

कल्पना खूप आवडली. आधी प्रत्येक वस्तू कशाची आहे ते नक्की करा. दुकानात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा अॅक्रिलिक असतं. उरलेल्या धाग्याचं टोक चिमट्यात धरून जाळून बघा. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. अॅक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. सुताचा वास कागद जळल्यासारखा.

हे महत्त्वाचं अशासाठी की लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. सूत त्याहून कमी ओल घेतं, अॅक्रिलिक अगदी नगण्य. त्यामुळे शाल हाताला कोरडी लागली म्हणजे ती कोरडी आहे असं धरू नका. पावसाळी हवेत ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केली तर आतली ओल आतच कोंडते. पेटी घरी असेपर्यंत वस्तू धुतलेल्या मलमलच्या पिशव्यांत ठेवा आणि झाकण मधूनमधून उघडा, मात्र पाऊस कोसळत असताना नको. प्लॅस्टिक फक्त प्रवासापुरतं, तेही वस्तू नीट वाळल्यावर आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाकून. हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, तेही पेटीतच ठेवा. काटा ६५ टक्क्यांच्या खाली राहिला तर बुऱ्याची फारशी काळजी नाही.

पत्र्याची ट्रंक वापरू नका. गंजाचा डाग सुतावरून सहजासहजी जात नाही.

प्रतिसाद (गुहागर)

डांबरगोळ्या अजिबात नकोत. पेटीत बाळाची टोपी आहे ना? काही बाळांमध्ये जन्मजात एका विकराची (एन्झाइमची) कमतरता असते. अशा बाळांच्या तांबड्या रक्तपेशी डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनच्या संपर्काने फुटतात, आणि गोळ्यांत ठेवलेले कपडे घातल्यामुळे बाळं गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. ती टोपी पुढे कुणाच्या डोक्यावर जाईल सांगता येत नाही.

कसरीची अळी लोकर आणि रेशीम खाते. निव्वळ सूत किंवा अॅक्रिलिक तिला नको असतं, पण घाम किंवा तेलकट डाग असेल तर तेही कुरतडते. म्हणून पेटीत जाणारी प्रत्येक वस्तू स्वच्छ धुतलेली हवी, हा नियमच करा. घोंगडीची मला जास्त काळजी वाटते. घोंगडीच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ देतात. लोकर कसरीला आवडते आणि खळ चंदेरी किड्याला. तो तुकडा आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. आपल्याकडे आंब्याचा रस साठवणाऱ्यांकडे असे फ्रीजर असतात, कुणीतरी जागा देईल. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती पूर्ण खोलीच्या तापमानाला आली की उघडा, नाहीतर हवेतलं पाणी कापडावर धरतं.

धागाकर्ती

डांबरगोळ्यांबद्दल हे माहीत नव्हतं, फार मोलाचं सांगितलंत. वेखंड आणि कडुलिंबाचा पाला चालेल का? आमच्या घरी पूर्वीपासून ठेवतात.

प्रतिसाद (गुहागर)

चालेल, पण सुती पुरचुंडीत, धाग्याला लागू न देता. वासाने कसरीचा पतंग थोडाफार दूर राहतो, आत असलेली अळी मात्र मरत नाही. त्यामुळे वेखंड ठेवलं तरी दर मुक्कामी प्रत्येक वस्तू उजेडात झटकून बघायचीच. घडीच्या आत आणि शिवणीत बघा, कसर तिथेच बसते.

प्रतिसाद (कुडाळ)

बरां केलास गो ताय! मी वहीबद्दल लिहितो. मी स्वतः मागावर बसतो, बायको सुयांवर विणते, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं कळतं.

सुयांचा नंबर लिहिताना मिलिमीटर लिहायलाच हवेत. आपल्याकडच्या जुन्या सुयांत नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकेतल्या नमुन्यांत नंबर वाढला की जाड. आपली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, त्यांची ८ नंबरची ५ मिलिमीटरची. नुसतं ‘८ नंबर’ लिहिलंत तर पुढच्या घरी टोपी कुणाच्या डोक्याला बसेल याचा भरवसा नाही. मग १० सेंटिमीटरच्या चौकोनात आडवे किती टाके आणि उभ्या किती ओळी, तेही धुऊन वाळवल्यानंतर मोजलेलं. लोकरी शाल ओली करून टाचण्या लावून ताणली की नक्षी उघडते, म्हणून तिची मापं ताणण्याआधीची आणि नंतरची अशी दोन्ही हवीत.

हातमागाच्या कापडासाठी इंचाला ताण्याचे किती धागे, बाण्याचे (आडवे) किती, ताण्याचे धागे ओळीत धरणारी फणी कोणती आणि सुताचा नंबर लिहा. सुती धाग्याचा नंबर म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात ते. २/२० म्हणजे २० नंबरचे दोन पदर पिळलेले. नंबर मोठा तितकं सूत बारीक. मागावरून उतरल्यावरची लांबी-रुंदी आणि पहिल्या धुण्यानंतरची लांबी-रुंदी वेगवेगळी नोंदवा. सुती कापड पहिल्या पाण्यात सहज दहा टक्के आटतं. लाल काठ रंग सोडतो का हे पेटीत टाकण्याआधीच बघा. ओला पांढरा रुमाल काठावर दाबून धरला की कळेल.

काकांच्या पिशवीचं मात्र लिहून भागणार नाही असं मला वाटतं. जाळ्याची गाठ हात चालताना बघावी लागते. त्यांची सुई आणि जाळ्याचं घर (भोक) मोजायची पट्टी पेटीत ठेवता आली तर उत्तम, आणि सोबत अर्धवट सोडलेलं जाळं.

त्यावरूनच माझी मुख्य सूचना. प्रत्येकाने वस्तूबरोबर त्याच धाग्याचा, त्याच नमुन्याचा एक छोटा तुकडा द्यावा, जो कुणीही उसवायचा. चांगली शाल कुणी उसवणार नाही, पण टाका कसा पडला हे उसवतानाच खरं दिसतं. बायको असंच शिकली. शेजारच्या काकूंनी तिला स्वेटरची बाही उसवायला दिली होती.

प्रतिसाद (खेड)

पार्सलपेक्षा पेटी हातोहात न्या. माझी एक पेटी भर पावसात पार्सलने गेली आणि आतली दुलई चिंब होऊन पोचली. कोकण रेल्वेने कुणी ना कुणी जात-येत असतंच. दिवा-सावंतवाडी गाडीने खेड, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ असं स्टेशनवर भेटून देता येईल. पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश चालतात, एवढं धरून चाला. भेट झाली की वही तिथेच उघडून दोन ओळी समजावूनही देता येतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. उसवायच्या तुकड्याची कल्पना मी लगेच सर्वांना कळवली आणि दापोलीच्या ताईंनी पंच्याचा तुकडा मागावर घेतलाही. काका अर्धवट जाळं आणि जुनी सुई द्यायला तयार आहेत. घोंगडीसाठी पावस गावात फ्रीजर मिळाला. पेटी हलक्या लाकडाची करून घेत आहोत. वहीच्या पहिल्या पानावर धुण्याचा आणि झटकून बघण्याचा नियम आणि मिलिमीटरची सूचना, त्यानंतर प्रत्येकाची पानं.

एकच गोष्ट अजून अडली आहे. रत्नागिरी ते कणकवली या टप्प्यात आमचं कुणीच नाही. राजापूर, विजयदुर्ग किंवा देवगड भागात विणणारं, कातणारं किंवा क्रोशे करणारं कुणी असेल आणि पेटी दोन-तीन आठवडे घरी ठेवायला आवडणार असेल, तर इथेच लिहा. नवशिके असाल तरी चालेल. तुमची एक वस्तू आणि एक उसवायचा तुकडा, एवढंच हवं.