मदत हवी आहे: सरकारी हायस्कुलाचा निकाल मुलांच्या पार्श्वभूमीसह कसा मांडावा?

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी हायस्कुलाच्या पालक-शिक्षक संघात मी आहे. दहावीचा निकाल लागला की गावात एकच आकडा फिरतो, अमुक टक्के. आमच्या वर्गात जेमतेम 20 मुलं. एक नापास झाला की निकाल 5 टक्क्यांनी घसरतो, आणि लगेच 'शाळा बिघडली' म्हणतात. फार वाईट वाटतं.

मुलं कोण आहेत हे कुणी बघतच नाही. निम्मी सरकारी प्राथमिक शाळेतून, मराठीतून शिकून येतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यम. गणित येतं, पण प्रश्नच कळत नाही. काही गावडा या आदिवासी समाजातली, घरात पहिल्यांदाच दहावीला बसणारी. काहींचे आईवडील कर्नाटकातून कामाला आलेले, घरी कन्नड. 2018 साली खाणी बंद पडल्यावर ज्यांच्या घरची मिळकत गेली, तीही आहेत.

यू-डायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी संकेतस्थळावर, शाळेची पटसंख्या, मुलगे-मुली, सामाजिक प्रवर्ग मिळतात. पण दहावीच्या गुणांशी ते जोडायचे कसे? मुलांची नावं उघडी न पडता, हे महत्त्वाचं. तीन-चार वर्षांचे निकाल एकत्र धरले तर चालेल का? पाचवीत आल्यावरची पातळी आणि दहावीचे गुण अशी तुलना कुणी केली आहे का? गोवा बोर्डाकडून शाळेला विषयवार गुण मिळतात, ते वापरायला मुख्याध्यापकांची लेखी परवानगी पुरेल का? शिक्षक मंडळींनी कृपया सांगावं, पुढच्या बैठकीत मांडायचं आहे.